रिकामा रकाना

पेडणे तालुक्यात श्रावण सरू लागला, की गणपतीच्या शाळा भरतात. आमच्या धारगळच्या घरापासून हाकेच्या अंतरावर अशी एक शाळा होती आणि लहानपणी मी तिच्या ओटीवर तासन्‌तास बसून राहत असे. मूर्तिकार मळलेली माती साच्याच्या दोन्ही भागांत दाबून बसवी, भाग जुळवी, आणि काही वेळाने साचा उकलला की सोंड, पोट, मांडी घातलेले पाय असा सारा देह एकदम प्रकट होई. एका साच्यातून पन्नास गणपती निघत आणि पन्नासही सारखे असत. डोळे मात्र साच्यातून येत नसत. ते अखेरीस, एकेका मूर्तीसमोर बसून, हाताने रेखावे लागत. त्या वेळी शाळेत कुणी बोलत नसे.

साचा हा शब्द त्यानंतर माझ्या आयुष्यात पुन्हा आला तो साठी जवळ आल्यावर, आणि अगदी निराळ्या वाटेने. पस्तीस वर्षे मुलांना इतिहास शिकवून २००८ साली मी निवृत्त झालो आणि आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहावयास घेतला. आपल्या वाचकांना हे काम नवे नाही. देशावरून वा सावंतवाडीकडून केव्हातरी या मुलखात येऊन स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांपैकी बहुतेकांच्या माळ्यावर एक पेटी असते. त्या पेटीत वाळवीने खाल्लेले कागद असतात, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी ‘आपण अमक्या साली इथे आलो’ असे एक वाक्य असते. कागद आणि वाक्य यांचा मेळ सहसा बसत नाही. आमच्या पेटीतील सर्वांत जुना कागद म्हणजे शके १७१५ चे, अर्थात १७९३ सालचे, मोडीतील एक खरेदीखत. त्याच्या मागे सारा अंधार होता.

पुण्यास संगणकाच्या व्यवसायात असलेला माझा पुतण्या २००९ च्या दिवाळीत घरी आला, तेव्हा माझ्या वह्यांचा ढीग पाहून म्हणाला, ‘‘काका, हे वहीत आवरणार नाही. तुम्हांला विकी करून देतो.’’ विकी म्हणजे काय, हे त्याने मला समजावले. वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या एका अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९९५ साली अशी पाने तयार केली, की वाचणाऱ्याला ती तिथल्या तिथे दुरुस्त करता यावीत. हवाई बेटांच्या भाषेत ‘विकी’ म्हणजे जलद. त्याच तत्त्वावर २००१ साली विकिपीडिया उभा राहिला आणि १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला. विकिपीडिया ज्यावर चालतो ती मीडियाविकी नावाची प्रणाली कुणालाही विनामूल्य घेता येते. ती त्याने माझ्या घरच्या संगणकावर बसवून दिली. आमचा विकी जगाला दिसत नव्हता. त्यावर आम्ही दोघे लिहीत होतो आणि घरची माणसे वाचत होती.

मला त्यातील मराठी शब्दांनी प्रथम जिंकले. मराठी विकिपीडियावर जिथे नवख्याने हात बसवावयाचा, त्या पानाला ‘धूळपाटी’ म्हणतात. पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षरे गिरवायची ही पंतोजींच्या शाळेतली रीत आमच्या आजोबांनी अनुभवली होती. जिथे सर्वांनी मिळून बोलावयाचे, ती ‘चावडी’. आणि जो मजकूर अनेक पानांवर पुन्हा पुन्हा लागतो, तो एकदाच लिहून ठेवण्याची जागा म्हणजे ‘साचा’.

साच्याची रीत सोपी आहे. ‘साचा’ हा शब्द आणि विसर्गासारखी दोन टिंबे पुढे लावून एक पान तयार करावयाचे. माझ्या साच्याचे नाव ‘व्यक्ती’ असे होते. नाव, जन्म, मृत्यू, वडील, आई, पत्नी, गाव असे रकाने त्यात मांडले. मग ज्या पूर्वजाचे पान लिहावयाचे, त्याच्या माथ्यावर दोन महिरपी कंसांत ‘व्यक्ती’ असे लिहून रकाने भरले, की पानाच्या उजव्या अंगाला नीटस चौकट उभी राहते. मराठी विकिपीडियावर तिला ‘माहितीचौकट’ असे सार्थ नाव आहे. साच्याचे खरे बळ पुढे कळते. चौकटीचा रंग बदलावासा वाटला, एखादा रकाना वाढवावासा वाटला, तर पाने उघडावी लागत नाहीत. साच्यात एक ओळ बदलावी, की जिथे जिथे तो वापरला आहे त्या साऱ्या पानांवर तो बदल पोहोचतो. माझी पाने वाढत वाढत १४३ झाली. एका ओळीने १४३ माणसांचे रूप पालटते, याचा मला प्रारंभी मोठा विस्मय वाटला. पुढे त्या विस्मयात थोडा गर्वही मिसळला, हे कबूल केले पाहिजे.

वस्तुतः ही युक्ती आपल्या लोकांना जुनीच आहे. मोडी पत्रांचा मायना हा साचाच होता. पत्र कुणाला लिहावयाचे त्याच्या पदाप्रमाणे मायना कोणता घालावा, याचे नियम मेस्तकांतून घालून दिलेले असत. ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री’ एवढे लिहिले की पुढे फक्त नाव भरावयाचे. आमच्या पेटीत एका सावकाराचे पत्र आहे. ज्याच्याकडून तीन वर्षे व्याज आले नाही, त्यालाही त्याने ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत’ म्हटले आहे. त्या काळच्या वाचणाऱ्याला मायना कुठे संपतो आणि पत्र कुठे सुरू होते हे ठाऊक असे. त्यामुळे कुणी फसत नसे. आपण मात्र नव्या साच्यांपुढे ती नजर हरवून बसलो आहोत काय, असा प्रश्न मला पुढे पडला. तो कसा पडला, तेच सांगावयाचे आहे.

साच्यात आणखी एक सोय असते. तीन महिरपी कंसांत रकान्याचे नाव लिहून, एक उभी रेघ ओढून, तिच्यापुढे एखादे उत्तर लिहून ठेवता येते. पानावर तो रकाना कुणी लिहिलाच नाही, तर हे आधी लिहिलेले उत्तर आपोआप दिसते. मी त्याला ‘गृहीत उत्तर’ म्हणत असे. आमचे गोत्र एक, कुलदैवत एक. ते १४३ वेळा का लिहावे? म्हणून या दोन्ही रकान्यांना मी गृहीत उत्तरे देऊन ठेवली. सोय मोठी झाली. आणि सोयीची सवय फार लवकर लागते.

२०११ च्या नाताळात पुतण्या आला, तो उत्साहाने भरलेला. ‘‘काका, आपण गोव्यात केव्हा आलो ते सापडलं,’’ असे म्हणत त्याने मांडीवरच्या संगणकावर इंग्रजी विकिपीडियाचा एक लेख उघडला. १६४०-४१ साली डिचोलीच्या परिसरात पोर्तुगीज आणि मराठे यांच्यात युद्ध झाले आणि ते तहाने मिटले, असा त्याचा विषय होता. लेख लांबलचक होता. विभाग पाडलेले, तळटिपा दिलेल्या, भाषा संयमी. माथ्यावर कोपऱ्यात एक हिरवे वर्तुळ आणि त्यात अधिकाचे चिन्ह होते. ‘‘हे चिन्ह चांगल्या लेखालाच मिळतं. कुणीतरी तपासल्याशिवाय देत नाहीत,’’ असे पुतण्याने सांगितले. आमची एक शाखा डिचोली तालुक्यात आहे. मराठ्यांच्या सैन्याबरोबर आलेला एखादा पूर्वज युद्धानंतर इथेच राहिला असेल, या तर्काला किती वेळ लागणार? माळ्यावरच्या पेटीतील अंधारात एकदम दिवा लागला असे मला वाटले. त्याच रात्री मी साच्यात नवा रकाना घातला: ‘गोव्यात आगमन’. आणि उभ्या रेघेपुढे गृहीत उत्तर लिहिले: ‘१६४१, डिचोलीच्या युद्धानंतर’. झलक पाहिली, जतन केले. ज्या १४३ पानांवर हा रकाना कधी लिहिलाच नव्हता, त्या सर्वांवर ते उत्तर एका क्षणात उमटले.

मला इतिहास ठाऊक नव्हता असे नाही. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा, म्हणजे १६४० साली ते दहा वर्षांचे होते, हे मी पस्तीस वर्षे फळ्यावर लिहिले होते. त्या काळी डिचोलीचा मुलूख आदिलशाहीचा होता. मुलांच्या सहलीबरोबर मी कितीदा तरी नार्व्याला गेलो आणि सप्तकोटेश्वराच्या दारावरचा शके १५९० चा, म्हणजे १६६८ चा, शिलालेख त्यांना दाखविला. महाराजांच्या आज्ञेने देवालयाचे काम सुरू झाले असे तो सांगतो. पोर्तुगिजांचा अंमल डिचोलीवर बसला तो १७८१-८२ च्या सुमारास आणि पेडण्यावर १७८८ साली. म्हणूनच आपल्या या तालुक्यांना नव्या काबिजादी म्हणतात. हे सारे मला मुखोद्गत होते, आणि तरीही त्या रात्री यांतले काहीही मला आठवले नाही. रकाना रिकामा होता, भरावयास उत्तर मिळाले होते, आणि ते उत्तर आमच्या घराण्यास शोभणारे होते.

२०१२ च्या चतुर्थीपूर्वी मी सारी पाने छापून घेतली. बारा प्रती बांधल्या आणि सणाला जमलेल्या घरोघरच्या मंडळींना वाटल्या. त्या वर्षी आत्या माहेरपणाला आली होती. तिचे वय ब्याऐंशी, साळला बासष्ट वर्षे नांदलेली, नजर अधू झालेली पण बुद्धी लखलखीत. आरती झाल्यावर ओटीवर बसून भिंग लावून ती प्रत वाचीत होती. मग तिने मला हाक मारली.

‘‘अरे, माझी आई गोव्यात १६४१ साली आली असं तू छापलं आहेस. मग मी झाले तेव्हा तिचं वय काय होतं?’’

सारे हसले. मीही हसलो. आजीचे पान माझ्याच हातचे, आणि तिच्या चौकटीत ते गृहीत उत्तर निमूटपणे येऊन बसले होते. आत्या मात्र हसत नव्हती. पान उलटून ती म्हणाली, ‘‘आणि ही डिचोलीची लढाई कसली? आमच्या घरात कुणी सांगितली नाही, सासरी कुणी सांगितली नाही. आम्ही सांगतो ते तू सगळं लिहून घेतोस, मग हे तुला कुणी सांगितलं?’’

मी तिला संगणकातील लेखाविषयी, तळटिपांविषयी, हिरव्या चिन्हाविषयी सांगितले. तिने ऐकून घेतले आणि प्रत मिटली. त्या रात्री मी आजीच्या पानावर ‘गोव्यात आगमन’ हा रकाना लिहून त्यात ‘१९२६, विवाहाने’ असे भरले. साच्याला हात लावला नाही. दुखणे मुळाशी होते आणि मी एका पानावर मलमपट्टी करून झोपी गेलो. विकीचे एखादे पान बिघडले तर पान पाहावे, पण तोच बिघाड दुसऱ्या पानावरही दिसला तर साचा पाहावा, हा पहिला धडा मी पुतण्याकडून घेतला होता. आत्याने विचारले ते दुसऱ्याच गोष्टीविषयी, आणि ते मी ऐकले नाही.

जानेवारी २०१३ मध्ये पुतण्याचा दूरध्वनी आला. त्याचा आवाज पडलेला होता. ते युद्ध झालेच नव्हते.

हकिकत अशी, की जुलै २००७ मध्ये कुणा अज्ञात लेखकाने तो सुमारे साडेचार हजार शब्दांचा लेख इंग्रजी विकिपीडियावर घातला. सप्टेंबर २००७ मध्ये त्याला ‘चांगला लेख’ हा दर्जा मिळाला. त्याहून वरच्या दर्जासाठीही तो पुढे करण्यात आला होता, पण तिथे तो टिकला नाही. पाच वर्षांहून अधिक काळ लेख तसाच राहिला. डिसेंबर २०१२ मध्ये एका संपादकाने त्यातील संदर्भ शोधावयास घेतले, तेव्हा मुख्य आधार म्हणून दिलेली पुस्तके अस्तित्वातच नाहीत असे आढळले आणि लेख काढून टाकण्यात आला. लबाड लेखांची जी यादी विकिपीडियाने स्वतःच ठेवली आहे, तीत आता आपल्या डिचोलीचे नाव आहे. ज्या हिरव्या चिन्हाने आम्ही दिपलो, तेही एका साच्याने लागते, हे पुतण्याने मला तेव्हा सांगितले. दोन महिरपी कंस आणि त्यांत दोन शब्द. ‘हे तपासले आहे’ असे साचा सांगू शकतो. तपासण्याचे काम त्याला करता येत नाही.

मी कुणाला बोल लावीत नाही. हजारो अनोळखी माणसे निःस्वार्थपणे लिहितात, त्यांत एक लबाड निघाला, आणि त्याला शोधून काढले तेही त्यांच्यातल्याच एकाने. पेडण्याच्या वा डिचोलीच्या एखाद्या जुन्या घरातील कुणी तो लेख वाचला असता, तर पहिल्या परिच्छेदालाच थांबला असता. मी वाचला, आणि थांबलो नाही. दोष माझा होता.

दुरुस्ती करावयास बसलो तेव्हा साच्याच्या पानावर ‘येथे काय जोडले आहे’ या दुव्यावर टिचकी मारली. १४३ नावांची यादी समोर आली. पणजोबा, खापरपणजोबा, त्यांचे भाऊ, लहानपणी वारलेली मुले. साऱ्यांना मी एका न झालेल्या युद्धातून आणले होते. उभ्या रेघेपुढचे ते शब्द पुसले, जतन केले, आणि ते जसे आले तसेच एका क्षणात सर्व पानांवरून गेले. एवढे सोपे.

छापील प्रतींचे मात्र तसे नव्हते. विकीत साचा दोन तऱ्हांनी वापरता येतो. एका तऱ्हेत पान साच्याशी बांधलेले राहते आणि साचा सुधारला की पानही सुधारते. दुसऱ्या तऱ्हेत, एक खास शब्द लिहिला, की त्या क्षणीचा मजकूर पानावर कायमचा उतरतो आणि पुढे साच्याचे काहीही होवो, पानाला त्याची वार्ता नसते. छापणे म्हणजे ही दुसरी तऱ्हा. त्या फेब्रुवारीत मी बारा घरांना निघालो. पेडणे, डिचोली, म्हापसा, सावंतवाडी. प्रत्येक घरी चहा झाला की प्रत मागून घेई आणि प्रत्येक पानावरची ती ओळ शाईने खोडी. १४३ पाने खोडावयास जवळजवळ एक तास लागे. घरची माणसे विचारीत, आणि प्रत्येक घरी मला पहिल्यापासून सांगावे लागे. पस्तीस वर्षे विद्यार्थ्यांच्या वह्यांतील चुका लाल शाईने दाखविल्या, त्याची ही फेड असावी. अकरा प्रती झाल्या. बारावी एका चुलतभावाबरोबर परदेशी गेली होती. तीन वर्षांनी त्याच्या नातवाच्या मुंजीची निमंत्रणपत्रिका आली. तिच्यावर घराण्याच्या नावाखाली बारीक अक्षरांत छापले होते: ‘गोव्यात १६४१ पासून’.

साळला आत्याची प्रत मी सर्वांत शेवटी ठेवली होती. तिथे खोडावयाचे काहीच नव्हते. तिने पेन्सिलीने प्रत्येक पानावर त्या ओळीसमोर एक लहानसा प्रश्न काढून ठेवला होता: ‘कोण म्हणतो?’ डोळे अधू, हात थरथरता, तरी एकही पान सुटलेले नव्हते.

त्या दुपारी मी वही काढून तिच्यासमोर बसलो आणि आजीविषयी विचारले. तेव्हा माझ्या ध्यानात आले, की माझ्या साच्यात ‘पत्नी’ हा रकाना होता, ‘माहेर’ हा नव्हता. आमच्या घरात आलेल्या सुनांपैकी ज्यांना मी स्वतः पाहिले, तेवढ्यांचीच पाने होती. बाकीच्या नवऱ्याच्या चौकटीत एका ओळीत, सासरी ठेवलेल्या नावाने उभ्या होत्या. आजीचे माहेर तेरेखोल नदीपलीकडचे आजगाव. किरणपाणीहून होडीने आरोंद्याला उतरले, की पुढची वाट काही फार नव्हती. पण १९५४ नंतर सत्याग्रहांचे दिवस आले, सीमा आवळली गेली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी आपल्याच तालुक्यातील पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि मग येणेजाणे जवळजवळ बंदच झाले. १९५७ साली आजीचे वडील वारले. बातमी पोहोचली ती तेरावे उलटून गेल्यावर. ‘‘आई विहिरीवर गेली, अंगावर पाणी घेतलं, आणि येऊन भाकऱ्या थापायला बसली. आम्हांला रात्री कळलं,’’ आत्या म्हणाली. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. त्यानंतरच्या पहिल्या शिमग्याला आजी होडीने आजगावला गेली. तोवर तिची आईही गेली होती.

आजीचे माहेरचे नाव आत्याने मला सांगितले. ते मी तोवर कधी विचारले नव्हते. इथे लिहीत नाही. ते तिच्या पानावर आहे.

घरी येऊन साचा पुन्हा उघडला. ‘माहेर’ आणि ‘माहेरचे नाव’ हे दोन रकाने घातले, आणि दोघांनाही गृहीत उत्तर दिले नाही. प्रत्येक रकान्याजवळ ‘कोणी सांगितले’ असा एक लहान रकाना जोडला. मराठी विकिपीडियावर ‘संदर्भ हवा’ असा एक साचा आहे. वाक्यापुढे तो लावला की वाचणाऱ्याला कळते, हे अजून कुणी दाखवून दिलेले नाही. आत्याचा पेन्सिलीचा प्रश्न तोच होता. मग पुतण्याशी बोलता बोलता एक बारकावा कळला. विकी दोन रिकामेपणांत भेद करते. एखादा रकाना पानावर लिहिलाच नाही, तर साचा गृहीत उत्तर दाखवितो. पण रकाना लिहून, बरोबरीचे चिन्ह देऊन, त्यापुढे काहीच लिहिले नाही, तर साचा ते रिकामेपण मान्य करतो आणि गृहीत उत्तर मागे घेतो. पुतण्याने याच भेदावर साचा नव्याने बांधून दिला. जे मी अजून विचारलेच नाही, ती ओळ चौकटीत दिसत नाही. जे विचारले आणि मिळाले, ते दिसते. आणि जे विचारले पण मिळाले नाही, तिथे ‘विचारले, कळले नाही’ असे तीन शब्द येतात.

‘गोव्यात आगमन’ हा रकाना मी ठेवला. सर्वांत जुन्या पूर्वजाच्या पानावर त्यात आता ‘शके १७१५ पूर्वी’ एवढेच आहे आणि पुढे खरेदीखताचा दाखला आहे. त्याच्या पलीकडच्या काळाविषयी काही घरांत अजून नाराजी आहे. आमच्यापेक्षा अलीकडे आलेल्यांच्या कुलवृत्तांतातही याहून जुनी साले आहेत, असे मला ऐकविले जाते. ते खरे असेल. विकिपीडियावर ज्या साच्यावर हजारो पाने उभी असतात, त्याला प्रचालक कुलूप लावून ठेवतात. वाटेल त्याने येऊन ओळ बदलू नये म्हणून. आमच्या साच्यालाही आता कुलूप आहे. ते मुख्यतः माझ्यासाठी आहे.

आत्या २०१६ साली गेली. तिचे पान मी तेराव्यानंतर पुरे केले. माहेर धारगळ, सासर साळ, आई आजगावची. हे सारे ‘तिने स्वतः सांगितले’ या दाखल्यासह भरले. फक्त ‘जन्मतिथी’ राहिली. वर्ष १९३० हे ठाऊक होते. तिथी ती म्हणे आषाढातली, पण कोणती ते तिच्या आईलाच माहीत, आणि आईला विचारावयाचे राहून गेले. तो रकाना मी लिहिला, बरोबरीचे चिन्ह दिले, आणि पुढे काही न लिहिता जतन केले.